बिनचुलीचे दहा दिवस

चैत्र अर्धा सरला की बिदरजवळच्या आमच्या कमठाण्यात घरोघरी चिंच फोडायला बसतात. ओसरीवर पोतं ओतायचं, पाय पसरायचे आणि लाकडी दांडक्यानं टरफलं उडवत राहायचं. बोटं काळी पडतात, नखांत आंबट वास शिरतो आणि तो चांगला पंधरा दिवस जात नाही. या वयातही माझी ही हौस गेलेली नाही. हौस म्हणायचं, कारण आता मला कुणी बस म्हणत नाही. यंदाही मी चिंच घेऊन बसले होते आणि समोरच्या बाजेवर माझ्या दोघी नाती सुट्टीचं ठरवत होत्या. सहा मैत्रिणी, डोंगरावर एक लाकडी घर, दहा दिवस. परवडावं म्हणून अंथरुणं आपापली, धान्य इथून न्यायचं, स्वयंपाक पाळीपाळीनं. कागदावर सगळ्यांच्या पाळ्या लिहूनही झाल्या होत्या.

"पहिल्या दिवशी चूल कोण पेटवणार?" मी विचारलं.

"आजी, तिथं गॅस असतो," धाकटी म्हणाली.

मी पुन्हा चिंचेकडे वळले. माझा प्रश्न गॅसचा नव्हता, पण तो समजावून सांगायचा तर एक अख्खा उन्हाळा सांगावा लागला असता. तो उन्हाळा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. त्यात एक खोटं आहे, आणि ते मी बोललेलं आहे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. पोलीस ॲक्शन व्हायला अजून दहा-अकरा वर्षं होती, आणि तसलं काही होईल असं आमच्या गावात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी उदगीरची. मराठी चार इयत्ता शिकलेली, त्यामुळे सासरी मला शिकलेली समजत. घर लिंगायत व्यापाऱ्याचं. थोरल्या दिरांची धान्याची अडत होती. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. माझे यजमान त्यांच्याच धंद्यात, पण बिदरच्या दुकानावर, म्हणजे महिन्यातून चार दिवस घरी. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वा कानडीत रागवायची आणि मराठीत समजूत काढायची. त्यामुळे माझी कानडी लवकर सुधारली.

आणि माझी मोठी जाऊ, अक्का. तेराव्या वर्षी ती या घरात आली आणि आली तशी स्वयंपाकघरात शिरली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिला तिथं वीसेक वर्षं झाली होती. घरची माणसं, गडी, अडतीवर माल घेऊन आलेले शेतकरी, वाटेनं जाणारे आमचे जंगम स्वामी. सकाळची पंगत उठली की दुपारची तयारी, दुपारची उठली की रात्रीची. ती कुरकुर करायची नाही. तिची एकच खोड होती. काम आवरलं की ती चुलीकडे पाठ करून बसायची. समोर भिंत आली तरी चालेल, धान्याची कणगी आली तरी चालेल, पण चुलीकडे पाठ. सुरुवातीला मला वाटलं, ऊब घेत असेल. वैशाखात कोण ऊब घेतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्या वर्षी चिंचेच्या दिवसांतच मुनशीसाहेब आले. ते एका जहागीरदाराच्या पदरी होते आणि जहागिरीची ज्वारी अण्णांच्या अडतीवर यायची, म्हणून त्यांची बडदास्त घरच्यासारखी. ओसरीवर चहा पिता पिता ते म्हणाले, "नवाबसाब का शिकारी बंगला डोंगर पे खालीच पडेला है अण्णा. गरमी में वो लोगां उटी जाते. तुम घरवाल्यां कू लेको जाओ ना, दस दिन हवा खाको आओ. किराया कायका? चौकीदार कू थोडी जवारी दिये तो बस."

अण्णा हसले. हवा खायला जाणं ही गोष्ट त्यांनी नवाबांविषयीच ऐकली होती.

"पिच्छू एक गवी है," मुनशीसाहेबांना बंगल्याची बढाई आवरेना. "ऐसी थंडी के पूछो नक्को. साब लोगां शिकार कू आये तो सोडे के बाटल्यां उसमें रखते."

गवी म्हणजे आमच्याकडे गुहा. आम्ही दोघी रिकामे पेले न्यायला दाराआड उभ्या होतो. अक्कानं माझं मनगट धरलं. पेले घेऊन आत गेलो तरी तिनं ते सोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिंच फोडताना ती हलक्या आवाजात म्हणाली, "धा दिस चूल पेटवायची न्हाई. एकदा बी न्हाई. नुसतं बसायचं."

"आणि खायचं काय?"

"त्ये माझ्याकडं लागलं."

तिनं रातोरात सगळं ठरवलं होतं. कडक भाकरी करायच्या. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते: ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मळायचं, भाकरी थापता येईल तितकी पातळ थापायची, तव्यावर शेकताना फडक्याच्या बोळ्यानं दाबत दाबत तिच्यातली ओल मारायची आणि मग चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची. कडकडीत वाळली की महिना महिना टिकते. दह्याबरोबर खा, शेंगांच्या चटणीबरोबर खा, नुसत्या कांद्याबरोबर खा. दही डोंगराखालच्या वाडीत मिळेल. घोंगड्या आपापल्या. गाडी घरची, बैल घरचे. बरोबर शेजारची कोंडाबाई. ती मराठ्याची, विधवा, शेत वाट्यानं लावलेलं, त्यामुळे उन्हाळ्यात मोकळी. कारळाची चटणी तिनं करायची. पुरुषमाणूस म्हणून अण्णा. घराचं भाडं नाही, वाटेत विकत घ्यायचं काही नाही. याहून स्वस्तात हवा नवाबालाही मिळाली नसती.

मला तेव्हाही गंमत वाटली आणि आताही वाटते. दहा दिवस चूल पेटू नये म्हणून अक्का पंधरा दिवस जास्तीची चूल पेटवत होती. घरचा स्वयंपाक आटोपला की ती पुन्हा परातीपुढे बसायची. भाकऱ्यांची चळत पांढऱ्या धोतरात गुंडाळून टोपलीत जायची. टोपली भरत आली तसा अक्काचा चेहरा बदलत गेला. ती गुणगुणायला लागली. चार वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

अण्णा सहज तयार झाले. मुनशीसाहेबांनी दोनदा आग्रह केला होता आणि जहागिरीची ज्वारी दरवर्षी यायची होती. राहिली अव्वा.

आमच्याकडच्या बाईनं घराबाहेर राहायचं तर कारणं ठरलेली होती. बाळंतपण, लग्न, मयत आणि देव. या चारांत न बसणारं पाचवं कारण मी कधी ऐकलं नव्हतं. नातींच्या कागदावर त्या दिवशी मी पाहिलं, कारणाचा रकानाच नाही. कुठं, किती दिवस, कोण कोण. कशासाठी हे कुणी कुणाला विचारलंच नाही. चांगलंच आहे ते. फक्त बघताना जरा चुकल्यासारखं वाटतं.

अव्वा माळ्याखाली बसून वाती वळत होती. अक्कानं विषय काढला, म्हणजे काढायचा प्रयत्न केला.

"कामून जायचं गं?" अव्वा म्हणाली. "कुणाचं लगीन हाय का मयत हाय?"

"तसं न्हाई अव्वा. हवा…"

"हवा इथं न्हाई व्हय? दार उघड, यील."

"मुनशीसाब म्हणायलेत…"

"मुनशीसाबाला काय हुतंय म्हणायला? आन् देवाला म्हणशील, तर आपला देव आपल्या गळ्यात हाय." अव्वानं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "डोंगरावर कोन बसलाय?"

अक्कानं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. ती टोपली, ते धोतर, ते गुणगुणणं सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि मी बोलून गेले.

"तिथं गवी हाय, अव्वा."

"कुणाची?"

"जुन्या कुण्या शरणांची म्हणत्यात. तपाला बसायचे तिथं."

अव्वाच्या हातातली वात थांबली. शरण म्हणजे आमचे जुने संत. तिनं दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि "शरणार्थी" म्हणाली, तो आमच्यातला नमस्कार. संमती मिळाली होती. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आनंद होता की धास्ती, ते मला कळलं नाही. मी खूश होते. एका वाक्यात काम झालं होतं.

अव्वानं त्याच संध्याकाळी मठातल्या अय्यांना बोलावणं धाडलं. अय्या म्हणजे आमचे गुरू. वयस्कर, गोड स्वभावाचे, फक्त एखादी गोष्ट ठाऊक नाही असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. अव्वानं गवीचं सांगितल्यावर त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "व्हय, व्हय. माझे गुरू सांगायचे. डोंगरातली गवी. लई जुनी." मी भिंतीला टेकून उभी होते. मग ते म्हणाले, "शरणाच्या गवीला रिकाम्या हातानं जायाचं न्हाई, अव्वा. दासोह व्हाया पायजे."

दासोह म्हणजे नुसतं अन्नदान नव्हे. जो येईल त्याला पानावर बसवायचं, कोण, कुठला, कशाला आला हे विचारायचं नाही, आणि नको म्हणायचं नाही. ज्यानं संकल्प केला त्याच्याच घरच्या हातानं पहिलं भांडं चुलीवर चढतं. आमचं घर बसवेश्वराला मानणारं. आमच्या घरात दासोहाला नकार देता येत नाही, जसा श्वासाला देता येत नाही. अव्वानं तिथल्या तिथं संकल्प सोडला.

कोंडाबाईच्या पोटात काही राहत नसे. तिनं विहिरीवर सांगितलं. विहिरीवरनं ते जनवाड्याला गेलं, तिथनं पुढं. चार दिवसांत आमच्या अंगणात नारळ यायला लागले. कुणाच्या सुनेला मूल नव्हतं, कुणाचा मुलगा हैदराबादला जाऊन परत आला नव्हता, कुणाची म्हैस आटली होती. माझा नारळ गवीत ठेवा, असं आधी म्हणायचे. मग म्हणायला लागले, आम्हीच येतो. एक गाडी ठरली होती, अकरा झाल्या; अव्वा आणि अय्याही निघाले. मुनशीसाहेबांना कळलं तेव्हा ते धावत आले. मला वाटलं, आता बंगला नाही म्हणतील आणि सगळं मिटेल. मी मनातून त्या नकाराचीच वाट पाहत होते. पण ते ओसरीवर टोपी सारखी करत म्हणाले, "ऐसी जगा है करके हमना मालूमच नै था अण्णा. हमारी बेगम के वास्ते भी एक नारेल रखो."

त्या दुपारी अक्का प्रथमच माझ्यावर चिडली. चुलीपुढं बसूनच.

"तुला दुसरं काई सुचलं न्हाई व्हय?"

"दुसरं सांगितलं असतं तर अव्वानं सोडलं असतं का?"

"नसतं सोडलं तर नसतं. इथं घरची पंगत तरी ठरल्याली हाय. तिथं किती बसतील, सांग मला."

मी म्हणाले, आपण आजारी पडू, जायचं नको. तिनं मान हलवली. संकल्प सुटला होता, आणि संकल्प सुटल्यावर घरची मोठी सून आजारी पडत नसते. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला फार वाईट वाटलं. माझ्या आयुष्यात मी अनेकांशी अनेकदा वाईट वागले असेन, पण चांगलं करायला जाऊन कुणाचं इतकं वाटोळं मी पुन्हा केलं नाही.

दोन दिवसांचा गाडीरस्ता होता. पहाटे निघायचं, ऊन चढलं की आमराईत थांबायचं, कलत्या उन्हात पुन्हा जुंपायचं. आमची तांबडी जांभ्याची माती मागं पडली, मग काळी रानं, मग चिंचोळीच्या अंगाची झाडी. डोंगर म्हणावा असा तो डोंगर नव्हता. आमच्या सपाट मुलखात चार पुरुष उंचवटा आला की आम्ही त्याला डोंगर म्हणतो. हा त्याहून बराच बरा होता. साग निष्पर्ण उभे होते, बहाव्याला मात्र पिवळे घोस आले होते. चढावर बैल थांबले, आम्ही उतरलो, आणि वळणावर खरोखरच एक गार झुळूक आली. अक्का थांबली. तिनं पदर कानामागं सारला आणि मान वर केली. मागनं कुणीतरी ओरडलं, "अक्का, पान्याची घागर कोन्त्या गाडीत हाय?" आणि ती वळली.

बंगला लहानसाच होता. लाकडी खांबांचा, कौलारू, तीन खोल्या, पुढं रुंद व्हरांडा. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या होत्या आणि तिथनं समोरची सगळी दरी दिसायची. त्या व्हरांड्यात पुरुषांनी घोंगड्या टाकल्या. बायका झाडाखाली आणि मागच्या खोलीत. पहिल्याच संध्याकाळी भुकेल्या माणसांना काय द्यायचं म्हणून अव्वानं टोपली सोडायला लावली. पंधरा दिवसांच्या कडक भाकऱ्या एका बैठकीत संपल्या. सगळ्यांनी वाखाणल्या. मी अक्काकडे पाहायचं टाळलं.

सकाळी बंगल्यामागं चर खणली. हातभर खोल, तीन पुरुष लांब, तिच्यावर एका ओळीत हंडे. पहिला हंडा अक्कानं चढवला, कारण हात तिचाच लागायचा होता. गव्हाची हुग्गी म्हणजे गुळाची खीर, अंबील, आमटी. खालच्या वाडीतले लोक यायला लागले, मग पलीकडच्या तांड्यावरचे, मग ज्यांचं गाव आम्हाला माहीत नाही असेही. कुणाला विचारायचं नव्हतंच. धुराचा लोट व्हरांड्याकडं न जाता बरोबर बायकांच्या अंगावर यायचा. दरी तिथनं दिसत नसे.

गवी बघायला मी सगळ्यांच्या आधी गेले होते. पाच-सहा माणसं बसतील एवढी पोकळी, आत ओलसर गारवा, आणि जमिनीवर फुटक्या बाटल्यांच्या काचा. म्हातारा चौकीदार मागं येऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. "झाडू लगाता," एवढंच तो म्हणाला. दुपारी अव्वा आत गेली तेव्हा काचा नव्हत्या, पण सोड्याच्या बाटलीतली एक हिरवी गोटी कोपऱ्यात राहून गेली होती. अव्वानं ती कपाळाला लावली आणि पदरात बांधली. मी बघत उभी राहिले. तोंड उघडायला ती वेळ चांगली होती, आणि मी ती जाऊ दिली.

चौथ्या दिवशी हुग्गीचा हंडा उतरवताना अक्काच्या मनगटावर वाफ आली. कातडी पांढरी पडली, मग फुगली. तिनं त्यावर हळद लावली, फडकं बांधलं आणि पळी दुसऱ्या हातात घेतली. ते पाहून माझ्यात कुठलं बळ आलं कोण जाणे. मी ठरवलं, अव्वाला सगळं सांगायचं. घराची लाज जाईल, अय्यांचं तोंड उतरेल, मला माहेरी धाडतील. धाडू देत. दासोह तर थांबेल, आणि उरलेले सहा दिवस अक्का त्या वेताच्या खुर्चीत बसेल.

अव्वा गवीत एकटी होती. भिंतीला टेकून, पाय लांब करून. मी वाकून आत गेले आणि पाहिलं, ती रडत होती. अव्वाला रडताना घरात कुणी पाहिलं नव्हतं. सासऱ्यांच्या वेळीही नाही, असं अक्का सांगायची. मला बघून तिनं डोळे पुसले नाहीत.

"ये," ती म्हणाली. "लई बरं केलीस गं तू. मला बी कुणी कवा कुठं नेलं न्हाई."

मी बसले. काही सांगितलं नाही. आम्ही दोघी बराच वेळ त्या गारव्यात बसून होतो आणि बाहेर चरीवर हंड्यांचा खणखणाट चालला होता. आतापर्यंत अव्वा म्हणजे चूल पेटती ठेवणारी बाई, असा माझा हिशेब होता. अक्काच्याही आधी त्या चुलीपुढं ती स्वतः बसलेली होती, हे मी मोजलंच नव्हतं. बाहेर आले तेव्हा अक्कानं विचारलं, "कुठं गेल्तीस?" मी म्हणाले, "पाणी प्यायला."

आठव्या संध्याकाळी अय्या व्हरांड्याच्या पायरीवर बसून शरणांच्या गोष्टी सांगत होते. पुरुष पुढं, बायका मागं. पुरुषांच्या बैठकीत अक्का कधी बोललेली मी ऐकली नव्हती. गोष्ट संपली आणि मागनं तिचा आवाज आला, अगदी शांत.

"अय्या, एक इचारायचं हुतं. जिच्या हातानं पयला दासोह हुतो, तिनं शेवटचा दिस गवीत मौन बसायचं असतंय म्हणं. चुलीला शिवायचं न्हाई, कुणी हाक मारायची न्हाई. खरं हाय का?"

बैठक तिच्याकडे वळली. अण्णांनी तोंड अर्धवट उघडलं. अय्यांनी डोळे मिटले.

"व्हय, व्हय," अय्या म्हणाले. "माझे गुरू सांगायचे."

दहाव्या दिवशी उजाडताच अक्का आंघोळ करून, विभूती लावून गवीत गेली. मागं वळून पाहिलं नाही. त्या दिवशी पहिला हंडा मी चढवला. तोपर्यंत मी चिरणं, निवडणं, वाढणं हेच करत आले होते. धूर डोळ्यांत गेला, पाठ धरली, आणि दुपार व्हायच्या आत मला कळलं की वीस-पंचवीस वर्षं म्हणजे किती. चरीपाशी वाकलं की गवीचं तोंड दिसायचं, आणि तिथनं अक्काचे फक्त पाय दिसत होते. उन्हात पसरलेले, टाचांना भेगा पडलेले. कधी एक पाय दुसऱ्यावर चढायचा, कधी उतरायचा. दिवसभरात त्या पायांनी याहून काही केलं नाही. माणसं गवीपाशी यायची, हात जोडायची आणि आवाज न करता निघून जायची.

दुपारी मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. आत अंधार होता. अक्कानं पाणी घेतलं आणि कुजबुजली, "ये. बस की घडीभर."

"अक्का, खोटं हाय ना हे," मी तितक्याच हळू म्हणाले.

"खोटं तू बोललीस," ती म्हणाली. "मी नुसती बसायलेय."

माझ्या हाताला पीठ होतं. बाहेर कुणीतरी मीठ कुठं आहे म्हणून मला शोधत होतं. मी निघून आले.

दिवेलागणीला ती बाहेर आली. मी विचारलं, "काय केलीस दिसभर?"

"काईच न्हाई," ती म्हणाली. पोटभर जेवलेल्या माणसाला अजून हवं का विचारल्यावर तो जसा नको म्हणतो, तशी ती ते म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात गाड्या पुन्हा निघाल्या. आता थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. मौनाची गोष्टही वाढली. शेवटचा दिवस अक्काचा, बाकीच्या नऊ दिवसांत रोज एका बाईनं बसायचं, असं कधी ठरलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. त्यांच्या नवऱ्यांनी, सासवांनी मुकाट्यानं ऐकलं, कारण देवाचं होतं. कोंडाबाई बसली, जनवाड्याच्या बसल्या, मुनशीसाहेबांची बेगमही एकदा बुरखा सावरत येऊन बसून गेली. मग पोलीस ॲक्शनच्या धामधुमीचं वर्ष आलं. वाटा धोक्याच्या झाल्या आणि त्या उन्हाळ्यात एकही गाडी निघाली नाही. जहागिरी गेल्या. बंगल्याचे वासे कुणी कुणी काढून नेले. अक्का त्या धामधुमीच्या वर्षीच, पावसाळ्यात, तापानं गेली. मी तिच्या उशाशी होते. बसलेले दिवस मोजले तर तिच्या सबंध जन्मात दहाच भरतात.

माझी पाळी त्या वर्षांत तीनदा आली. तिन्ही वेळा मी ती दुसरीला दिली आणि तिच्या वाटची चूल मी सांभाळली. बायका म्हणायच्या, शिकलेली हाय, हिचा इस्वास न्हाई. मीही ते खोडून काढलं नाही. पण कारण विश्वासाचं नव्हतं. मला भीती वाटायची. एक अख्खा दिवस काही न करता बसले, तर दिवेलागणीला उठून परत चुलीकडे माझे पाय वळतील याची मला खात्री नव्हती. अक्का दर वर्षी उठायची, पदर झटकायची आणि सरळ येऊन परातीपुढं बसायची. तेवढा धीर माझ्यात नव्हता.